जागं झालेलं गाव

"कोथिंबीर जास्त, मिरची नको," एवढंच उयेन म्हणाली, आणि शेवयांच्या गाडीवरच्या बाईने हातातला झारा तसाच धरून वर पाहिलं. ही नजर उयेनच्या सवयीची होती. कित्येक वर्षं तिने टीव्हीवरच्या परदेशी मालिकांना आवाज दिला होता. नायक, नायिका, खाष्ट सासू, दरोडेखोर, तान्हं मूल, सगळ्यांचं बोलणं ती एकटीच वाचायची, एकाच संथ सुरात. हनोईत पद्धतच तशी. तिचा चेहरा कोणाला ठाऊक नव्हता, पण बाजारात भाजीचा भाव विचारला तरी माणसं वळून बघत. तिला ते मनातून आवडायचं. म्हणून आताही ती ओठांवर हसू तयार ठेवून त्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहिली. बाई आता विचारणार, त्या अमक्या मालिकेतल्या तुम्हीच ना.

"तुम्ही त्या कुत्र्यांच्या बाई ना?" बाई म्हणाली.

"हो," उयेन म्हणाली. हसू तसंच राहिलं.

"तरीच! म्हटलं आवाज कुठे ऐकलाय. आमच्या गावी भोंग्यावर लागायचा ना तुमचा. दोआई गाव, नदीपलीकडचं. सासर माझं. फार चांगलं काम केलंत हो ताई. आधी दर महिन्याला कोणाचं ना कोणाचं कुत्रं जायचंच. आता कोणाची टाप नाही. नव्या वर्षाच्या तोंडावर एकाला धरला ना आमच्या लोकांनी, मोटारसायकलवरून पोतं घेऊन चालला होता. असा हाणलाय म्हणता!"

"मग पोलिसांकडे दिला?"

"कसले पोलीस? मेला की तो." बाईने रश्शात टोमॅटोची फोड सारली, बोटांनी पालेभाजी मोडून वर टाकली. "अख्खं गाव होतं. गाडीही जाळली त्याची. आमचे हे सांगत होते, जो तो तुमचंच वाक्य म्हणत होता, घरातलं माणूस पळवून नेलं तर गप्प बसाल का! घ्या, गरम आहे तोवर खा."

आणि उयेनने ते खाल्लं. याचंच तिला नंतर राहून राहून नवल वाटलं. वाडगा बाजूला सारून ती उठली नाही, तिला मळमळलं नाही. तिने शेवया खाल्ल्या, खेकड्याचा तो तांबूस रस्सा वाडगा तोंडाला लावून संपवला, बाईला 'छान झालंय' म्हणाली. जणू आत कोणीतरी दुसरीच बसली होती आणि ही बाहेरची नुसती तिच्यासाठी वाचून दाखवत होती, सरळ सुरात, कुठेही न अडखळता. रस्ता ओलांडताना मोटारसायकलींचा लोंढा तिच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखा फुटून गेला. तिला वाटलं, यातल्या एखाद्याने आपल्याला चुकवलं नाही तर बरं. लगेच त्या वाटण्याची तिला शरम वाटली, कारण त्यातही थोडं नाटक होतं. ऊन आताच डोक्यात जाऊ लागलं होतं. ते वाक्य तिचं होतं. कुत्री वाचवणाऱ्या संस्थेतल्या क्वेतने लिहिलेल्या मजकुरात ते नव्हतं. क्वेतचा मजकूर शहाण्यासारखा होता: रेबीजबद्दल, कत्तलखान्यांतल्या घाणीबद्दल, इतर देशांबद्दल. वाचता वाचता ती थांबली होती आणि काचेपलीकडे बसलेल्या क्वेतला म्हणाली होती, "यात माणूस कुठे आहे? गावातली बाई भात शिजवताना हे ऐकणार. तिच्या काळजाला हात घालायला नको?" मग डोळे मिटून, जरा श्वास घेऊन, तिने ते म्हटलं होतं: तो हाक मारली की येतो, म्हणूनच तर सापडतो. तुमच्या घरातल्या माणसाला कोणी पोत्यात घालून नेलं, तर तुम्ही गप्प बसाल? क्वेत उठून उभाच राहिला होता. "ताई, हेच. बाकी सगळं कापू आपण, पण हे ठेवू." त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःशीच ते पुन्हा पुन्हा म्हणत गेली होती, वेगवेगळ्या ठिकाणी जोर देऊन. 'गप्प'वर द्यावा की 'तुम्ही'वर?

ती या कामात शिरली तीसुद्धा आवाजामुळेच. मालिकांचं ध्वनिमुद्रण जिथे व्हायचं त्या इमारतीच्या मागच्या गल्लीत कुत्र्याच्या मटणाची दुकानं होती, ओळीने. चांद्रमहिन्याचा उत्तरार्ध लागला की गल्ली भरून जायची. महिन्याची पनवती धुऊन टाकायची तर हे खावं असं लोक मानतात. तिचे वडीलही मानायचे, आणि लहानपणी गलंगलचं आल्यासारखं मूळ वाटून लावून भाजलेल्या त्या मटणाचा वास आला की तिच्याही तोंडाला पाणी सुटायचं. हे ती कधी नाकारत नसे. खिडकी नीट लागत नसे म्हणून एखादा प्रेमाचा प्रसंग ऐन रंगात आला असताना मागच्या पिंजऱ्यातलं केकाटणं आत यायचं आणि तंत्रज्ञ हात वर करून म्हणायचा, 'पुन्हा घेऊ.' एकदा उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून ती खिडकीशी उभी राहून संवाद घोकत होती. कुठल्याशा आईचे होते ते, 'ये बाळा, घरी चल.' खालच्या पिंजऱ्यातलं एक पिवळट कुत्रं कान टवकारून वर बघायला लागलं. शेपटी हलवायला जागा नव्हती तर त्याचं सगळं अंगच हलत होतं. तिने वाक्य अर्धवट सोडलं. बस, इतकंच झालं होतं. पुढे क्वेत भेटला. तिच्यापेक्षा पुष्कळ लहान, बारीक, सतत घाईत असलेला मुलगा. त्याची संस्था म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. पत्रकं, चित्रं, शाळांतून भाषणं, आणि मग गावागावांतले भोंगे, ज्यांच्यावरून लसीकरणाच्या आणि विजेच्या सूचना येतात ते. काम होत होतं हे खोटं नव्हतं. मागच्या गल्लीतली दुकानं एकेक करून बंद झाली. एकाने तिथे चहा विकायला सुरुवात केली, एकाने मोबाइल दुरुस्ती. तरुण पोरं तर 'शी' म्हणायला लागली होती. संध्याकाळी गल्लीतून जाताना तिथली शांतता आपण केली आहे असं तिला वाटायचं. एखाद्याने घर बांधावं तशी.

क्वेत खोलीत पत्रकांचे गठ्ठे बांधत होता. तिने दारातूनच विचारलं, "दोआईत माणूस मेला, तुला माहीत होतं?"

त्याने दोरीची गाठ पुरी केली. "बसा ना ताई. पाणी घ्या."

"माहीत होतं का?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला त्या आठवड्यात आणखी चार जिल्ह्यांसाठी वाचायचं होतं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तुमचा आवाज कापला असता." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने, "आपण मारा म्हणालो का? कुठे म्हणालो? गावोगाव हे आधीपासून चालत आलंय, आपण नव्हतो तेव्हाही. विजेच्या काठ्या घेऊन फिरतात हे चोर, ताई. आडवं आलेल्या माणसावरही चालवतात. लोकांचा राग काय आपण निर्माण केला?"

"नाही. आपण त्याला वाक्य दिलं."

त्याचा ओठ लहान मुलासारखा थरथरला आणि तिला कळलं की हा सगळे महिने ही गोष्ट एकटाच उरात घेऊन फिरतो आहे. तिच्या आवाजाला जपत होता, जसं महागाच्या यंत्राला धुळीपासून जपावं. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तिने ठेवला नाही. कुठला तो माणूस, एवढंच विचारलं.

त्याचं नाव खिएम होतं. त्याचं गाव दोआईहून फार लांब नव्हतं. बसमधून उतरून बांधाबांधाने चालत जाताना दोन्हीकडच्या खाचरांत चिखल करून ठेवला होता, लावणीच्या तयारीचा, आणि त्या पाण्यात आकाश इतकं स्वच्छ पडलं होतं की तिला खाली बघवेना. काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे आवाज लावून पाहिला होता. फार रडवेला नको, कोरडाही नको. माणसाला इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलायची सवय लागली की स्वतःचंही असंच काढावं लागतं का, तोंडात घोळवून, चव घेऊन? दारात एक काळं कुत्रं पडलं होतं. ते उठून भुंकलं आणि आतून आलेल्या एका शब्दाने गप्प झालं. खिएमची बायको मेन बाहेर आली. कामातून उठून आलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला चिखल. कोण, कुठली, असं न विचारताच तिने उदबत्ती पुढे केली, कारण त्या घरात नवीन माणूस आलं की आधी तेच करायचं होतं. देव्हाऱ्यावर खिएमचा फोटो होता. लग्नाच्या फोटोतून कापून मोठा केलेला असावा. त्याच्या खांद्यावर एका बाईची चार बोटं राहिली होती, हात नव्हता.

"चोरायचा तो," मेन चहा ओतत म्हणाली. जणू पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपणच आधी सांगावं. "मला ठाऊक होतं. आधी नव्हतं, मग कळलं. वीटभट्टी बंद झाली तेव्हापासून. शहरातला व्यापारी यायचा हमरस्त्यापर्यंत, तिथे नेऊन द्यायचा. आणि आमचा हा मुक आहे ना, शाईसारखा काळा म्हणून मुक, याला मात्र दिवस मावळायच्या आत घरात घ्यायचा. म्हणायचा, बाहेर ठेवू नको गं, चोर फिरतात." ती हसली. खरंच हसली, दात दिसले. मग तोंड पुसल्यासारखं केलं. "तुम्ही सरकारी का?"

"नाही. ताई, दोआईच्या भोंग्यावरून जे लागायचं, कुत्र्यांबद्दल, तो आवाज माझा होता."

मेनने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग शोधायचा उयेनने प्रयत्न केला. राग असता तर त्याच्यासमोर मान खाली घालता आली असती.

"बरं," मेन म्हणाली. "मग?"

"मला वाटलं, तुम्हाला सांगावं."

"सांगून मी काय करू त्याचं?" आवाज चढला नव्हता. "आता तुम्ही रडणार. मग मी तुम्हाला पाणी देणार, उगी म्हणणार, नशिबात होतं म्हणणार. म्हणजे तुम्ही बऱ्या होऊन जाणार. मला वेळ नाही ताई. लावणी आलीय, आणि एका माणसाचे हात कमी आहेत." तिने पेला पुढे सरकवला. "पोलीस दोआईला गेले तर सगळं गाव म्हणालं, आम्ही सगळ्यांनी मारला. म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट. सगळ्यांनी म्हणजे कोणी? सगळ्यांनी म्हणजे कोणीच नाही. एकही माणूस माझ्या दारात आला नाही. तुम्ही आलात ते चुकीच्या दारात आलात. तिकडे जाऊन बोला काय बोलायचंय ते."

चहा कडू होता. उयेनने तो संपवला. निघताना मुक तिच्या पायाशी हुंगत बांधापर्यंत आला, आणि मागून मेनची हाक आली तसा वळून पळत गेला. हाक मारली की येतो. तिला स्वतःच्या कानात स्वतःचाच आवाज नकोसा झाला. परतीच्या बसमध्ये, नंतर घरी, नंतरचे कितीतरी दिवस ती शक्य तितकं कमी बोलली. दुकानात बोटाने दाखवून वस्तू घ्यायची. आई हयात असती तर म्हणाली असती, जिभेला काय झालं तुझ्या? पश्चात्तापाचंही एक सुख असतं आणि आपण ते चघळतो आहोत हे तिला दिसत होतं. मेनने तेवढंच नेमकं ओळखलं होतं. मार खाताना तो काय म्हणाला असेल? बायकोचं नाव घेतलं असेल? की नुसता आवाज, पिंजऱ्यातून येतो तसा? आणि आपण तिथे असतो तर? ती या प्रश्नापर्यंत यायची आणि परत फिरायची. त्या गर्दीत आपणही दिसू अशी भीती होती. मागे, काठावर, टाचा उंचावून बघताना.

शेवटी ती दोआईला गेली ती दुपारच्या जेवणाच्या सुमाराला पोचली. गावाचे प्रमुख विन्ह काका तिला बघून इतके खूश झाले की त्यांनी हात धरूनच आत नेलं. घरात पाच-सहा पुरुष चटईवर बसले होते, मधे ताटं. "अरे बघा कोण आलंय! आवाज आलाय आवाज!" काका ओरडले. "बसा ताई, बसा. तुमच्यामुळे आमचं गाव जागं झालं. तालुक्याने सत्कार केला आमचा, सुरक्षित गाव म्हणून." आणि तेवढ्यात तिला वास आला. गलंगल, कोळंबीची आंबवलेली चटणी, भाजलेली कातडी. महिन्याची अखेर होती.

"काका, हे काय आहे?"

काका क्षणभर गोंधळले, मग मांडीवर थाप मारून हसले. "छे, छे! आमच्या गावातलं नाही हो! गावातल्या कुत्र्याला आता कोणी हात लावत नाही. लावून तर बघा म्हणावं! हे बाहेरून येतं, हमरस्त्यावरच्या दुकानातून. काय रे?"

"बाहेरचं, बाहेरचं," बाकीचे म्हणाले. एकाने तिच्यासाठी सरकून जागा केली.

तिला संताप यायला हवा होता. आली ती एक विलक्षण दमणूक, जणू सगळी वर्षं ती दुसऱ्याच भाषेतल्या मालिकेला आवाज देत होती आणि पडद्यावर भलतंच काही चाललं होतं. "मला भोंग्यावरून दोन शब्द बोलायचेत," ती म्हणाली. काका लगेच उठले. आभाराचं भाषण असणार, दुसरं काय? गावदेवाच्या देवळाशेजारच्या खोलीत त्यांनी स्वतः यंत्र सुरू केलं, माइकवर फुंकर मारली आणि कौतुकाने बाजूला उभे राहिले. तिच्या पिशवीत लिहून आणलेला कागद होता. कोणीही कायदा हातात घेऊ नये, असं काहीतरी. चांगलं, शहाण्यासारखं. तो तिने काढलाच नाही.

"मी उयेन," ती म्हणाली, आणि बाहेर गावभर तो शब्द उमटून परत आला. "खिएम नावाचा माणूस होता. तो कुत्री चोरायचा. ती विकत घेणारे होते म्हणून चोरायचा. ती घेणारे शहरात आहेत, आणि आत्ता जेवायला बसलेत, इथेही. त्याच्या घरी मुक नावाचं कुत्रं आहे. बायको आहे, तिची लावणी अडलीय. नव्या वर्षाच्या आधी, या गावात, त्याला मारलं." ती थांबली. तिच्या तोंडात 'तुम्ही' आलं होतं, अगदी ओठांशी. "त्याला आपण मारलं. मीही. आपण," ती पुन्हा म्हणाली, आणि आवाज कापला. क्वेत म्हणाला होता तसाच. तो तिने सावरला नाही.

पुढचं कोणी ऐकलं नाही. काकांनी वायर उपटली होती. ते तिच्याकडे बघत नव्हते, हातातल्या वायरीच्या टोकाकडे बघत होते. "हे बरं नाही केलंत तुम्ही," ते हळू म्हणाले. "आमच्या घरी येऊन." एवढंच. कोणी अंगावर आलं नाही, शिवी दिली नाही. ती गावातून चालत निघाली तेव्हा माणसं दारादारांत उभी होती आणि ती जवळ आली की कोणी कोंबड्यांना दाणे टाकायला लागे, कोणी मुलाचं नाक पुसायला. एका अंगणात रेडिओ मोठा केला गेला. यातून काय झालं? काहीच झालं नाही, हे तिला चालता चालताच कळत होतं. उद्या क्वेतला तालुक्यातून फोन येईल. या जिल्ह्यात पुन्हा भोंगे मिळणार नाहीत. तो तिला काही बोलणार नाही, पण दुसरा आवाज शोधेल, आणि शोधायलाच हवा, कारण हमरस्त्यावरचं ते दुकान उघडंच होतं, दारातल्या काचेच्या पेटीपाशी गिऱ्हाईक उभं होतं. काम तर राहिलंच होतं. फक्त ते आता तिच्या गळ्यातून व्हायचं नव्हतं.

बसथांब्यावर सावली अशी नव्हतीच. ती खांबाला टेकून उभी राहिली. जरा वेळाने मागून सपातांचा आवाज आला. एक म्हातारी, शंकूसारखी टोपी हनुवटीखाली बांधलेली, दात पूर्वीच्या चालीने काळे केलेले, धापा टाकत येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. बसला निघाली असेल असं वाटून उयेन सरकली. म्हातारी रस्त्याकडेच बघत होती.

"मी पाणी नेलं होतं," ती म्हणाली.

उयेनला आधी कळलं नाही. "काय, आजी?"

"त्याला. देवळापुढे पडला होता ना तो. तांब्या भरून नेला मी. तो माझ्याकडे बघत होता, पोरी. डोळा एकच उघडत होता, पण बघत होता." तिने टोपीची नाडी सैल केली, पुन्हा आवळली. "घरात सगळे म्हणतात, आई, तुला कोणी पुढे जाऊ दिलं नसतं. मीही तसंच सांगते विचारलं की. पण मला कोणी अडवलं नव्हतं. वाट दिली होती उलट. म्हातारी म्हणून बाजूला झाले होते सगळे. मीच उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. आणि मग घरी आले, आणि ते पाणी मिरचीच्या रोपांना घातलं."

बस वळणावर दिसली. जवळ आली, दार उघडलं, कंडक्टर वाकून ओरडला, "चला, चला, यायचंय का?" म्हातारीने उयेनचा दंड धरला होता. हात हलका होता, वाळलेल्या फांदीसारखा. सोडवायचा म्हटला असता तर सहज सुटला असता. उयेनने कंडक्टरकडे बघून मान हलवली. बस निघून गेली आणि धूळ हळूहळू खाली बसली.

"काय मिरच्या लगडल्यात म्हणून सांगू यंदा," म्हातारी म्हणाली. "सून तोडते. मला तोडवत नाहीत."